जादूगारांची हजेरी कुणी घ्यायची?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर कॉलेजातली पोरं तावातावानं भांडत असतात. कान दिला तर ऐकू येतं: कोंडूनच ठेवलं पाहिजे त्यांना. दुसरा म्हणतो, उद्या तुझ्या बहिणीत निघालं तर? शेजारी उभ्या काकांना वाटतं, कुठल्यातरी देशातल्या निर्वासितांचं चाललंय. मग कळतं की विषय एका व्हिडिओ गेममधल्या जादूगारांचा आहे, आणि काका मान हलवत कप ठेवतात.

मान हलवायचं काही कारण नाही. हा वाद गेमपेक्षा खूप जुना आहे, आणि त्यातल्या एका मोठ्या भागाचा निकाल कोल्हापूर संस्थानानं शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. तिथपर्यंत जाण्याआधी मूळ भांडण समजून घेऊ.

भांडण नेमकं कशावरून?

फॅन्टसी म्हणजे रचलेलं जग, जिथे जादू खरोखर चालते. अशा बऱ्याच जगांत जादू शिकून येत नाही, ती जन्मतःच अंगात असते. मग राज्यकर्त्यांपुढे प्रश्न उभा राहतो की या माणसांचं करायचं काय.

हा प्रश्न सगळ्यात खोलात जाऊन मांडला तो ‘ड्रॅगन एज’ या गेममालिकेनं. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीची ही मालिका, पहिला भाग २००९ चा. तिच्यातल्या जगाचं नाव थेडस. तिथे राजाच्या घरात जादूगार जन्मू शकतो आणि मजुराच्याही. लक्षणं बहुतेक वेळा लहानपणीच दिसतात. गोम अशी की ही जादू स्वप्नांच्या दुनियेतून येते आणि त्या दुनियेतली पिशाच्चं जादूगाराच्या अंगात शिरायला टपलेली असतात. एकदा शिरली की तो माणूस संपला, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूचे किती जातील याचा नेम नाही.

तिथल्या धर्मपीठानं यावर व्यवस्था काढली. जादूगार मूल सापडलं की त्याला ‘सर्कल’मध्ये, म्हणजे बंद मनोऱ्यात नेऊन ठेवायचं. तिथे ‘टेम्प्लर’ नावाचे शस्त्रधारी पहारेकरी असतात. प्रत्येकाच्या रक्ताची कुपी भरून ठेवलेली असते. पळून गेला तर त्या रक्तावरून माग काढतात. वयात आल्यावर परीक्षा होते, तीही आधी न सांगता. मुलाला थेट पिशाच्चासमोर सोडतात, आणि टेम्प्लर तलवार घेऊन शेजारी उभा असतो. मूल हरलं की वार. जे परीक्षेला घाबरतात किंवा कच्चे ठरवले जातात, त्यांची जादू तोडून टाकतात. जादूबरोबर स्वप्नं जातात आणि भावनाही जातात. माणूस चालतो, बोलतो, सांगितलेलं काम चोख करतो. आनंद, राग, भीती यातलं काही त्याला उरत नाही. अशांना ‘ट्रँक्विल’ म्हणतात.

एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचं सगळं कळेल.

आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे की!

आहे, २०१३ चा. पण तो वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. अंगात शक्ती असल्याचा बहाणा करून लोकांना लुबाडणाऱ्या, मारहाण करणाऱ्या, अघोरी प्रकार करणाऱ्या भोंदूंसाठी तो आहे. इथे आपण धरून चाललोय की शक्ती खरी आहे. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी निश्चिंत राहावं. आपण विचार करण्यापुरतं गृहीत धरतोय, प्रचार करत नाही.

समजा, ती शिवाजी पेठेत राहते

दूरच्या मनोऱ्यांबद्दल मत देणं सोपं असतं. म्हणून समजा, शिवाजी पेठेत आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. सकाळी आई म्हणते, जरा गॅस पेटव. लायटर नुसताच टकटक करतो, पोरगी वैतागून बर्नरजवळ बोट नेते आणि भप्पकन जाळ होतो. दोघी एकमेकींकडे बघतात. आई आधी सिलिंडर बंद करते आणि मग दार लावते.

पुढचे काही दिवस काहीच होत नाही. मग एका रात्री मुलगी झोपेत दचकते आणि गादीला पंजाएवढं भोक पडतं. आई सकाळी गादी गच्चीवर टाकते; शेजारीण विचारते तेव्हा म्हणते, उदबत्ती पडली. शेजारणीला ते पटत नाही, कारण त्या खोलीत देव्हारा नाही हे तिला माहीत आहे.

आता सरकारनं काय करावं? काहीच करू नये, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं शेजारणीच्या घरात राहून दाखवावं. मुलीला उचलून न्यावं, असं म्हणणाऱ्यानं आईच्या घरात राहून दाखवावं. पोरांचं भांडण बहुतेक या दोन टोकांवरच अडून बसतं. माझ्या मते खरा प्रश्न दोन्हींच्या मधला आहे: बंधन घालायचंच असेल तर ते कशावरून घालायचं, किती दिवस, आणि दाद कुणाकडे मागायची?

हजेरी म्हणजे काय होतं

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात एखादी अख्खी जमात सरकारी कागदावर ‘गुन्हेगार’ ठरवता येत असे. माणसानं काही केलंय की नाही हा प्रश्नच नाही. त्या जमातीत जन्मला एवढं पुरे. नावं नोंदवहीत चढायची. ठरल्या वेळी, पुष्कळदा रात्रीसुद्धा, हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर पास पाहिजे. काही जमातींना तारेच्या कुंपणाआड वसवलं. सोलापुरात त्या वस्तीला ‘सेटलमेंट’च म्हणतात, आजही. १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची सोय केली. सर्कलच्या मनोऱ्यात मुलं कशी भरती होतात हे गेममध्ये बघून ज्यांना अंगावर काटा येतो, त्यांनी ही दुरुस्ती एकदा वाचावी.

हजेरीचा परिणाम काय होत असेल याचा साधा हिशेब करा. सुगीला पाच कोसांवर काम निघालंय, मजुरी बरी आहे. पण रात्री गावात हजर राहायचं आहे, म्हणून जाता येत नाही. गावात ‘यादीतला’ म्हणून कुणी कामाला ठेवत नाही. घरात पीठ नाही. या माणसानं चोरी केली तर वहीवाला म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? वही स्वतःला खरं ठरवत जाते.

कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी ती १९१८ मध्ये बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला आसरा दिला, कामाला लावलं. आज हे वाचताना सोपं वाटतं. त्या काळी त्यांच्या भोवतीचे किती जण म्हणाले असतील की महाराज, चोरांना मोकळं सोडताय, याची कल्पना करून बघा.

पण त्या लोकांच्या रक्तात काही नव्हतं. हिच्या हातात तर आग आहे!

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. गुन्हेगार जमाती कायद्याचा पायाच खोटा होता. चोरी रक्तातून येत नाही. जादूगाराच्या बाबतीत मात्र धोका खरोखर जन्मतः आहे. म्हणून ‘जादूगार म्हणजे दडपलेली जमात’ असं सरळ समीकरण मांडणारे लेख मला अर्धवट वाटतात. त्यात शेजारणीची भीती खोटी ठरते, आणि ती खोटी नाही.

इथे उपयोगी पडणारं उदाहरण हजेरीचं नाही, मेरी मॅलन या स्वयंपाकिणीचं आहे. आयर्लंडमधून अमेरिकेत आलेली ही बाई न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करायची. तिला स्वतःला काही त्रास नव्हता, पण तिच्या अंगात विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे जंतू कायमचे मुक्कामाला होते. जिथे राबली तिथली माणसं आजारी पडत गेली. १९०७ मध्ये आरोग्य खात्यानं तिला धरून एका बेटावर ठेवलं. तिचा गुन्हा काहीच नव्हता, धोका मात्र पक्का होता. म्हणजे आपली शिवाजी पेठेतली मुलगीच.

१९१० मध्ये तिला सोडलं, ‘पुन्हा स्वयंपाक करणार नाही’ या अटीवर. धुण्याचं काम मिळालं, त्यात पैसे कमी. पुढे ती नाव बदलून परत चुलीपाशी गेली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना टायफॉइड झाला, २ दगावले. स्वयंपाकघरात मेरी सापडली. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती बेटावरच राहिली.

या गोष्टीतून दोन्ही बाजू आपापला धडा काढतात. कडक बाजू म्हणते, सोडली म्हणून माणसं मेली. हे खरंच आहे. दुसरी बाजू विचारते, तिचं पोटापाण्याचं कौशल्य काढून घेतलंत, बदल्यात काय दिलंत? असे निरोगी दिसणारे वाहक पुढे आणखी कितीतरी सापडले. जन्मभर बेटावर ठेवलं ते हिलाच. मला दुसऱ्या बाजूचा प्रश्न जास्त वजनदार वाटतो, तोही दयेपोटी नव्हे. तिला पुरेशा पगाराचं दुसरं काम आणि नियमित तपासणी दिली असती तर १९१५ टळण्याची शक्यता जास्त होती. धोका खरा असतो तेव्हा त्या माणसाचं सहकार्य जास्त लागतं, कमी नाही.

लपवलं तर काय होतं

गेमच्या पहिल्याच भागात याचं फार नेमकं उदाहरण आहे. रेडक्लिफ गावच्या सरदाराचा छोटा मुलगा कॉनर जादूगार निघतो. सर्कलमध्ये गेला की मुलगा कायमचा गेला, आणि वारसाहक्कही गेला, हे आईला माहीत असतं. म्हणून ती कुणाला सांगत नाही. गुपचूप एक शिकवणारा आणते. तो स्वतःच सर्कलमधून पळालेला असतो. बाप आजारी पडतो, मुलगा बापाला वाचवण्यासाठी पिशाच्चाशी सौदा करतो आणि गावात रोज रात्री मुडदे उठून माणसं मारू लागतात.

कडक बाजू म्हणते, बघा, मुलगा मनोऱ्यात असता तर गाव वाचलं असतं. पण आईनं लपवलं का? मनोऱ्याच्या भीतीनं. शिकवणारा भलताच का मिळाला? उघड शिकवणी बंद होती म्हणून. जी व्यवस्था आईला खोटं बोलायला लावते, तिला सगळ्यात धोकादायक मुलं कधी सापडतच नाहीत. आपल्या गोष्टीतली उदबत्तीही तिथूनच आली.

मनोरा म्हणजे शाळाच ना?

सर्कलच्या बाजूनं हा युक्तिवाद नेहमी होतो: शिक्षण सक्तीचं नको का? हवंच, आणि अगदी कडक. कोल्हापुरात ताकदवान पोरांचं काय करायचं याची एक जुनी रीत आहे, ती तालमीची. सोळा वर्षांचा पोरगा, अंगात रग, गल्लीत कुणाचाही हात मोडू शकेल असा. त्याला वस्तादाच्या हाती देतात. पहाटे उठवायचं, जोर-बैठका मारून घ्यायच्या, लाल मातीत रोज आपटून घ्यायचं. ताकद कुठे वापरायची आणि कुठे हात आवरायचा, हे अंगात मुरेपर्यंत वस्ताद सोडत नाही. बाहेर मारामारी केली तर कान उपटणारा पहिला तोच. पण वस्ताद स्वतः त्याच मातीतून उठलेला असतो, पोरगा सणाला घरी जातो, पटलं नाही तर तालीम बदलतो, आणि एक दिवस खासबागेत हजारो लोकांसमोर तीच ताकद दाखवून फेटा बांधून घेतो. सर्कलमध्ये यातलं काहीच नाही. शिकवणारे जादूगार आहेत, पण शेवटचा शब्द टेम्प्लरचा, आणि त्यानं आयुष्यात कधी जादू केलेली नाही.

सक्ती आणि कोंडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता. सक्ती होती, दंड होता. मूल मात्र संध्याकाळी घरीच जेवायचं.

मग मोकळंच सोडा

गेमच्या लेखकांनी हे टोकही मांडून ठेवलं आहे. टेव्हिंटर नावाच्या साम्राज्यात जादूगारांवर कुणाचा वचक नाही, कारण सत्ताच त्यांची आहे. तिथे गुलामांचा बाजार भरतो आणि जादूची ताकद वाढवायला माणसांचं रक्त वापरलं जातं. उलट बाजूला क्यूनारी लोक जादूगाराला साखळदंड घालतात, तोंडसुद्धा शिवतात. जादू न येणाऱ्या साध्या माणसाला टेव्हिंटरची भीती वाटणं अगदी रास्त आहे. बोटानं आग लावू शकणाऱ्या सावकाराशी व्याजाबद्दल हुज्जत कोण घालेल? तेव्हा कायदा पाहिजे, फक्त तो सावकारावरही चालला पाहिजे.

पहारेकऱ्यांवर पहारा कोण ठेवणार?

सर्कलची व्यवस्था ज्या ठिकाणी कोसळते ते ठिकाण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टेम्प्लर लिरियम नावाचं द्रव्य घेतात. त्यानं जादू थोपवायची ताकद येते, पण व्यसन लागतं. पुरवठा धर्मपीठाच्या हातात. म्हणजे पहारेकरीही बांधलेलाच. त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर त्याच्याच वरच्याकडे.

२०११ च्या दुसऱ्या भागात कर्कवॉल शहरात याचा कडेलोट होतो. तिथला सर्कल म्हणजे गुलामांचा जुना तुरुंग. पहारा वर्षानुवर्षं कडक होत जातो, आणि शेवटी अँडर्स नावाचा एक जादूगार, जो सर्कलमध्ये राहतच नाही, धर्मपीठाची इमारत आतल्या माणसांसकट उडवून देतो. हे खूनच आहेत. त्याला क्रांती म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ त्यावर काय करते? गुन्हेगार समोर उभा असताना ती सर्कलमधल्या सगळ्या जादूगारांना मारायचा हुकूम देते. ज्यांनी काही केलं नाही त्यांनाही, कारण ते ‘त्यांच्यातले’.

आता आपल्याकडचे कायदे बघा. ते काही आदर्श नाहीत, पण त्यांची रचना काय सांगते ते बघा. गणपती किंवा निवडणूक आली की कोल्हापुरात तडीपारीच्या बातम्या येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ नुसार तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. त्याआधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, नंतर अपील करता येतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ बघा: आजारपणामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशा माणसाला संमतीशिवाय दाखल करता येतं, पण सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच, आणि बाहेरच्या मंडळाला कळवावं लागतं, मूल किंवा स्त्री असेल तर तीन दिवसांत. दोन्हीकडे बंधन वागण्यावरून किंवा प्रत्यक्ष धोक्यावरून येतं, त्याला मुदत असते आणि तिसऱ्या कुणाची तरी नजर असते. सर्कलमध्ये यातलं एकही नाही.

ट्रँक्विल करणं तर या कसोट्यांच्या जवळपासही येत नाही. ते परत फिरवता येत नाही असंच सगळ्यांना सांगितलेलं असतं. पुढे २०१४ च्या भागात उघड होतं की ते फिरवता येत होतं आणि वरच्या मंडळींनी ते दडवलं होतं.

निदान यादी तरी ठेवायला हवी ना?

शेवटी सगळे इथे येऊन थांबतात. कोंडू नका, तोडू नका, पण नाव लिहून ठेवायला काय हरकत आहे? अग्निशमन दलाला माहीत नको, की या गल्लीत आपोआप पेटणारी खोली आहे?

हवं. पण याद्यांचा इतिहास फारसा चांगला नाही. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्यानंतर मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगार कायदा आला. कागदावर तो व्यक्तीच्या शिक्षांवर चालतो, जमातीवर नाही. तरी जुन्या यादीतली नजर कुठे कुठे टिकली, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात दिसतं. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींच्या, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या लोकांना अजूनही जन्मानं सराईत धरणारी भाषा होती. न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितला. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी.

म्हणून त्या मुलीची नोंद ठेवायचीच तर तिच्यात घटना लिहावी: कोणत्या तारखेला काय पेटलं, कुणाला इजा झाली का, ती कुणाकडे शिकते. आईबापाचं कूळ, भावंडं, ‘घराण्यात आहे’ असले शेरे नकोत. ठरावीक वर्षं काही घडलं नाही तर पान निघालं पाहिजे. आणि ते काढायचा अधिकार न्यायालयाकडे असावा, ठाण्याकडे नको. १८७१ च्या कायद्यात नेमकं याच्या उलट कलम होतं: एखादी जमात गुन्हेगार ठरवणारी सरकारी अधिसूचना योग्य की अयोग्य, हे कुठल्याही न्यायालयानं विचारायचं नाही.